तात्यांच्या भिंतीत आमचे मालक

१२ फेब्रु., गुरुवार

व्हिडिओ गेला. सकाळी नात प्रतीक्षानं मोबाईल उघडला, तर जिथं मी दिसायचे तिथं काळी पाटी. वर बारीक अक्षरात काहीतरी. म्हणलं, वाच. नातीनं वाचलं, सरकारच्या मागणीवरून हा मजकूर या देशात दाखवता येत नाही.

मग कोणत्या देशात दाखवता येतो ते विचार, म्हणलं. तिकडं जाऊन बघून येऊ. ती हसली नाही.

व्हिडिओत होतं तरी काय. मी, एक मेणबत्ती आणि वाळूचा धंदा करणाऱ्या तात्यांच्या नव्या बंगल्याची कंपाउंडची भिंत. त्या दिवशी आमच्या मालकांचं पुण्यस्मरण होतं. दरसाल आम्ही नदीकाठच्या मसणवट्यात जातो, त्यांना अग्नी दिला त्या जागी मेणबत्ती लावतो, घडीभर बसतो. औंदा गेलो तर जागाच नाही. तात्यांच्या टिप्परांनी वाळू उपसून तिथं खड्डा केलेला, खड्ड्यात हिरवं पाणी. मी तिथंच उभी राहून इचार केला. मालक गेले कुठं? वाळूसंगं गेले. वाळू गेली कुठं? तात्यांच्या भिंतीत. म्हणून तिथं जाऊन मेणबत्ती लावली, हात जोडले. म्हणलं, मालक, हितं बरं हाय ना तुमाला? सावली हाय, गेटावर वॉचमन हाय.

वॉचमननं पण हात जोडले, बिचारा. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

प्र.नं ते चॅनलवर टाकलं. 'गिरजाआज्जी बोलती' असं चॅनलचं नाव. गिरजाआज्जी म्हणजे मी.

१३ फेब्रु., शुक्रवार

दोन पोलीस आले मोटारसायकलवर. गिरजाबाई कोण? मी म्हणलं, मीच. त्यांनी माझ्यामागं बघितलं, अजून कोणी येतंय का म्हणून.

मोबाईलचं सिम माझ्या नावावर. प्र. शाळेत होती तेव्हा सिमसाठी तिचं आधार कार्ड चालत नव्हतं, म्हणून माझं दिलेलं. तेच राहिलं. म्हणून चॅनल माझं, नोटीस पण माझी. त्यातल्या धाकट्यानं वाचून दाखवली. मी म्हणे 'द्वेषमूलक मजकूर लिहून प्रसारित केला'. लिहून. सगळी वस्ती हसली. शाळेची पायरी चढले नाही, आणि ह्या वयात सरकारनंच कागदावर शिक्का मारून सांगितलं की बाई लिहिती.

नोटीस मिळाल्याची सही करा, म्हणला. मी अंगठा पुढं केला. त्यानं अंगठ्याकडं बघितलं, मग नोटिशीकडं, मग परत अंगठ्याकडं.

१४ फेब्रु., शनिवार

ही वही मी सांगते, सून मंगल लिहिती, आणि दोन-तीन दिवसांनी प्र. वाचून दाखवती. माझी जुनी रीत. एकाला सांगायचं, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. मालक कारखान्यावर होते तेव्हा मास्तराकडून चिठ्ठी लिहून घेतली होती. मी चांगल्या कडक शिव्या सांगितल्या, मास्तरानं 'प्रकृतीची काळजी घ्यावी' एवढंच लिहिलं. मालक खुशीत. मी म्हणलं, ह्या माणसाला लाज कशी नाही? तेव्हापासून दोन माणसं लागतातच.

आज प्र.नं परवाचं पान वाचलं, तर 'तात्यांच्या टिप्परांनी' जागी 'एका व्यक्तीच्या वाहनांनी'. मंगलकडं बघितलं. ती भांडी आवरायला लागली.

"आत्या, पोरीचा दाखला यायचाय. कागदावर नाव कावून घ्यायचं?"

खरं आहे तिचं. प्र. नर्सिंग करून बसलीय. अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात नंबर लागलाय, पण रुजू व्हायला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पाहिजे. तो देणार तेच ठाणं, ज्यानं मला नोटीस दिली. पोरीवर एक ओळ जरी आली तरी नोकरी गेली. ते मला कळतं. पण घरातच एक सरकार, बाहेर एक सरकार, दोघांना तोंड कसं देऊ? परवाचं पान परत लिहून घेतलं. मंगलनं पेन इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उठलं.

१५ फेब्रु., रविवार

पोलीस पाटील आले. (पुढं पो.पा. लिहिते, हात दुखतो. – मं.) चहा घेतला. हा लहानपणी माझ्या बोरीची बोरं चोरायचा, आता 'आपण', 'आम्ही' बोलतो. म्हणला, काकू, लई सोपं काम आहे, तुम्ही अडाणी, तुम्हाला मोबाईल कळत नाही, पोरीनं तुमच्या नकळत केलं, असं ठाण्यात सांगून टाका. तुम्ही सुटल्या. पोरगी शिकलेली आहे, तिला समज देऊन सोडतील.

समज देतील, आणि दाखला?

त्यानं कपातली साय बोटानं काढली.

नाहीतर दुसरा रस्ता सांगितला. त्याच भिंतीपुढं उभं राहून परत व्हिडिओ करायचा. माझा गैरसमज झाला, भिंतीत कोणी नाही, तात्यांची माफी मागते. मग दाखला पण येईल, नोटीस पण मिटेल.

म्हणलं, गैरसमज असंल तर चांगलंच हाय. तात्यांना म्हणावं, वाळू कुठून आणली ते तेवढं सांगा, मी तिथं जाऊन मालकांना हुडकते. तात्या सांगणार नाहीत हे त्याला माहीत, मला माहीत, चहाच्या कपाला पण माहीत.

१६ फेब्रु., सोमवार

प्र.शी भांडण. ती म्हणती, मी सांगते ठाण्यात, मी केलं. मोबाईल माझा, बोट माझं.

मी म्हणलं, शब्द कुणाचे? सांग. "हितं बरं हाय ना तुमाला" हे तुला सुचलं व्हतं?

नाही म्हणली.

मग माझ्या बोलण्यावर तू कशाला नाव लावायलीस? चोरी हाय ही. मंगल मधी आली, म्हणली जगात लोक गुन्हा एकमेकांवर ढकलतात, तुम्ही दोघी ओढायलाव. आम्ही दोघी हसलो, तिला रडू आलं. 

उत्तमचा पुण्याहून फोन. पोरगा माझा, प्र.चा बाप, पण आवाज असा की साहेबांनी शेजारी बसून लावलाय. आई, मिटवून टाक. आपण लहान माणसं.

म्हणलं, लहान हाव म्हणून तर भिंतीत मावलो.

फोन ठेवला त्यानं. रागानं का रेंज गेली, कळलं नाही.

१८ फेब्रु., बुधवार

काल काही नाही. आज ठाणं. मी आणि प्र. एसटीनं गेलो. तिला बाहेर बाकड्यावर बसवलं, मला आत. टेबलामागं जाडा हवालदार, जबाब लिहून घेणारा. सगळे त्याला रायटर म्हणत होते. बरा माणूस, मला पाणी दिलं.

शिक्षण? न्हाई.

मग व्हिडिओखालचं लिहिलं कुणी? सांगितलं मी, नातीनं उतरवलं.

मग ते लिखाण तिचं झालं, म्हणला.

म्हणलं, "साहेब, आता मी बोलायलेय, तुमी लिहायलाव. हा जबाब तुमचा का माझा?"

"तुमचाच की."

"मग ते बी माझंच."

त्यानं पेन कानामागं लावला, परत काढला. मग लिहायला लागला. मी थोडंच बोलले, त्यानं लई लिहिलं. मग भराभर वाचून दाखवलं, सगळं मी म्हणले तसंच. शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी म्हणलं, थांबा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते.

"कावून? विश्वास न्हाई?"

"सुनेवर बी न्हाई. तुमी तर परके."

शेजारी एक माणूस बसला होता, गेवराईकडचा, मोटारसायकल चोरीला गेली म्हणून आलेला. त्याच्या हातात कागद दिला. रायटर नाही नाही म्हणायच्या आत त्यानं सुरू केलं, आवाज असा की लाऊडस्पीकर. 'मी अशिक्षित असून मला मोबाईलमधील काही समजत नाही. सदर व्हिडिओ व मजकूर माझी नात प्रतीक्षा हिने माझ्या नकळत...' इथं तो थांबला. मला बघितलं, रायटरला बघितलं.  बाहेर बाकड्यावरनं प्र. उठून दारात आली.

मी अंगठा पदरात गुंडाळला.

ठाण्याचे साहेब आतून आले. म्हणले, आजीबाई, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय. तुमचं वय बघता तुम्हाला त्रास नको. मी म्हणलं, माझं भलं करायला माझं तोंड कशाला काढून घ्यायलाव? ते राहू द्या, बाकी भलं करा.

जबाब तसाच राहिला, बिनअंगठ्याचा. बाहेर पडताना मोटारसायकलवाला मागून आला. म्हणला, आज्जी, माझी गाडी आता काय सापडत नाही. बिचारा.

२० फेब्रु., शुक्रवार

मोटारसायकलवाल्यानं गावोगावी सांगितलं म्हणे. गाडी नाही तर नाही, गोष्ट तरी मिळाली त्याला.

नदीच्या खालच्या अंगाच्या गावांतल्या बाया आपापल्या भिंतींपुढं उभ्या राहायला लागल्या. प्र. दाखवत होती. एकीनं मेणबत्ती, एकीनं पणती, एकीनं नुसती उदबत्ती. कुणी नव्या मंगल कार्यालयापुढं, कुणी पेट्रोल पंपाच्या भिंतीपुढं. एकीच्या सासऱ्याला पंचायतीच्या मुतारीच्या भिंतीत जागा मिळाली. ती म्हणती, जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाही मामंजींनी, आता बघा. मी हसून हसून खोकले.

आमच्याच वस्तीतल्या नाहीत नुसत्या. पाटलांच्या घरच्या आहेत, धनगरांच्या आहेत. मसणवटे वेगवेगळे होते सगळ्यांचे. खड्डा एकच झाला.

एक व्हिडिओ काढला की दोन येतात. प्र. म्हणती, आज्जी, काळ्या पाट्या पुरायच्या नाहीत त्यांना.

२१ फेब्रु., शनिवार

नेट बंद. सगळ्या तालुक्यात. अफवा पसरू नयेत म्हणून, असं पो.पा. सांगत फिरतोय. अफवा म्हणजे आमच्या घरची मेलेली माणसं.

मंगल अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला बाईंनी विचारलं म्हणे, तुमच्याच घरचं ना हे? ती पोरांची खिचडी ढवळत राहिली. घरी येऊन तिनं सांगितलं नाही, शेजारणीकडून कळलं. हे मी सांगायलेय म्हणून लिहायलीय.

२२ फेब्रु., रविवार

राशन नाही. दुकानातली मशीन नेटवर चालती, नेट नाही तर ती कुणाचाच अंगठा घेईना. रांग तशीच उभी. शेजारची शेवंता रिकामी पिशवी घेऊन आमच्या दारात आली आणि सगळ्यांपुढं म्हणली, "गिरजे, तुझ्या मेणबत्तीनं आमच्या चुली इझल्या."

  मी घरातली ज्वारी काढून दिली. ती पिशवीत घेईपर्यंत बोलतच होती, घेऊन झाल्यावर पण बोलत होती. बरोबर आहे तिचं. राशन तात्यांनी बंद केलं नाही, मी पण केलं नाही. पण तात्यांच्या दारात जाऊन कोण बोलणार? माझं दार जवळ आहे.

तरी एक गोष्ट सांगते. तिचा नवरा पण त्याच खड्ड्यात होता. ती माझ्याबरोबर भिंतीपुढं आली नव्हती. ह्यावर मी काही म्हणत नाही.

२४ फेब्रु., मंगळवार

नेट आलं. पहिलं काय आलं तर प्र.चा दाखल्याचा अर्ज. 'प्रलंबित.' म्हणजे काय? लटकलेला, म्हणली.

रुजू व्हायची मुदत ह्या महिन्याअखेर. मंगल रागावली नाही, हेच मला जड गेलं. नुसती बसून राहिली पोरीचा पांढरा ड्रेस घडी करत. तो परवाच शिवून आणलाय.

मग मी प्र.ला बाजूला घेतलं. म्हणलं, खरं सांग. तुला नोकरी पाहिजे. मी जाते त्या भिंतीपुढं, हात जोडते, म्हणते गैरसमज झाला. म्हातारीच्या तोंडाचं काय, आज हे बोललं, उद्या ते. मालकांना मी समजावून सांगीन. जिवंत असताना पण ते माझंच ऐकायचे.

तिनं मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणली, "आज्जी, दवाखान्यात लोकं सुई बघून भितात. मी त्यांना भिऊ नका म्हणायचं, अशी माझी नोकरी हाय. तू माफी मागितलीस तर कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी म्हणलं, नर्सिंगच्या शाळेत हेच शिकवलं का?

न्हाई, म्हणली. घरी.

मंगलनं हे लिहिताना नाक ओढलं. (सर्दी आहे. – मं.)

२६ फेब्रु., गुरुवार

परत ठाण्यात बोलावलं. ह्या वेळी साहेबच समोर. म्हणले, लिहिलेलं चालत नाही ना तुम्हाला? मग कॅमेऱ्यापुढं बोला. तुमच्या तोंडानं. नंतर म्हणायचं नाही की दुसरंच लिहिलं.

त्यांना वाटलं, सरकारी कॅमेरा बघून म्हातारी घाबरंल. मी पदर नीट केला, कुंकू मी लावतच नाही त्यामुळं तो वेळ वाचला. एका शिपायानं मोबाईल फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. दारातनं प्र. म्हणली, दादा, आडवा धरा, आज्जी अर्धी कापली जायली. त्यानं आडवा धरला. साहेबांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तीच ठाण्याची मालकीण.

मग मी बोलले. सगळं. खड्डा कुठं, किती खोल, हिरवं पाणी, टिप्पर कोणत्या रस्त्यानं जातात, कुणाचे आहेत. पुण्यस्मरणानंतर जाऊबाई वारल्या तेव्हा तिरडी नदीपर्यंत नेली आणि खांद्यावर घेऊन उभेच राहिलो, टेकवायला जागा नाही म्हणून परत फिरवली, आमच्याच वावरात बांधावर अग्नी दिला, ते पण सांगितलं. मग भिंत. मग मालक. शेवटी म्हणलं, शब्द माझे, मेणबत्ती माझी, माणूस माझा. नातीनं नुसता मोबाईल धरला व्हता, ते बी हात हलला म्हणून नीट आलं न्हाई.

तो रायटर तोंडावर फाईल धरून बसला होता. फाईल हलत होती.

साहेब म्हणले, झालं? मी म्हणलं, लावून दाखवा. नियम हाय म्हणून लावावं लागलं. सगळं ठाणं बघायला जमा झालं. चहावाला, दोन कोठडीतले, एक लेडीज पोलीस. जाऊबाईंच्या तिरडीपाशी आलं तेव्हा लेडीज पोलीस खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

झाल्यावर म्हणलं, साहेब, हा व्हिडिओ सरकारनं काढलाय. आता सरकारनंच जपायचा. हा जर गायब झाला तर तक्रार द्यायला मी तुमच्याकडंच येणार.

साहेब म्हणले, आजीबाई, जा आता. बस चुकंल.

बस खरंच चुकली. नेकनूरकडं जाणारी तेवढी उभी होती, ती आमच्या काय कामाची? उभ्यानंच वाट बघितली.

२८ फेब्रु., शनिवार

प्र. पहाटेच अंबाजोगाईला गेली. दाखल्याशिवाय रुजू करून घ्या, नाहीतर मुदत वाढवून द्या, असं मागायला. पांढरा ड्रेस पिशवीत घालून नेला. मंगल म्हणली, कशाला नेतीस, चुरगळंल. ती म्हणली, असू दे.

ती गेल्यावर पो.पा. आला. आज चहा नको म्हणला, म्हणजे काम मोठं. दाखला साहेबांच्या टेबलावर तयार आहे म्हणे, टाईप झालेला. सही तेवढी राहिलीय. काकू, कॅमेऱ्यापुढं एवढंच म्हणा, बोलण्याच्या भरात चूक झाली. सही आजच्या आज.

मी तोंड उघडायच्या आत मंगल बोलली. मंगल, जी सकाळपासून पोरीसाठी जीव टाकायलीय. उभीच राहिली ती.

"पाटील, दाखला टाईप झाला म्हंजे पोरीवर काय न्हाई, असंच ना?"

"न्हाईच की."

"मग सही कशासाठी अडलीय?"

पो.पा.नं माझ्याकडं बघितलं. मी वर आढ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच माझ्याआधी सून बोलली, आणि लई बरं वाटलं. तो चप्पल घालून गेला. जाताना म्हणला, इचार करा, महिना आज संपतोय.

दुपारी प्र.चा फोन. बाबू म्हणतोय, मुदतवाढीचा अर्ज द्या, वरती पाठवतो, बघू. पण अर्जात दाखला का मिळाला नाही त्याचं कारण लिहावं लागतं. ती दवाखान्याच्या पायरीवर कागद मांडीवर घेऊन बसलीय.

"आज्जी, कारण काय लिहू?"

मी म्हणलं, काय असंल ते लिही.

"म्हंजे आज्जी बोलली म्हणून?"

मला वाटलं, थांब म्हणावं. सांभाळून लिही म्हणावं. पोरीचं आयुष्य आहे, माझ्या तोंडाचा खेळ नाही. तेवढ्यात मंगलनं माझ्या हातातला फोन घेतला, पदरानं पुसला, कानाला लावला.

"लिही," म्हणली.

तिकडून कागदाचा आवाज आला. मग म्हणली, अर्ज देऊन फोन करते.

फोन अजून आमच्या दोघींच्या मधी ठेवलाय, चार्जिंगला लावून.